अठ्ठावीस अक्षरांची ओळ

जी जी टी जी सी जी सी ए टी ए ए – टी जी टी ए टी ए – टी टी ए टी जी टी टी ए ए ए टी.

ही ओळ एकदा मोठ्याने म्हणून पाहावी. अकरा अक्षरं, मग सहा, मग पुन्हा अकरा. मधे दोनदा थांबायचं, कारण ओळीचं सगळं काम त्या दोन थांब्यांवर चालतं. ई. कोलाय या जिवाणूच्या गुणसूत्रातली ही ओळ. सुमारे ४६ लाख अक्षरांच्या त्या ग्रंथात ती एकदाच येते, आणि जीवशास्त्रज्ञ तिला ‘डिफ’ म्हणतात. ई. कोलाय माणसाच्या आतड्यात राहतो. त्यामुळे ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीत सकाळची लोकल पकडायला धावणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या पोटात या ओळीच्या असंख्य प्रती आहेत. सांडपाण्याबरोबर ती रोज उल्हासच्या खाडीत उतरते. एवढ्या प्रती निघालेली छापील ओळ आपल्या परिसरात नसेल, आणि ती वाचलेला माणूस मात्र विरळाच.

या ओळीचं रसग्रहण करावं असं गेली काही वर्षं मनात आहे. जिवाणूंवर जगणारे विषाणू, म्हणजे बॅक्टेरियोफेज किंवा नुसते फेज, आपल्या यजमानाच्या गुणसूत्रात कसे शिरतात आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या कसे टिकतात, या प्रश्नाचं मला सर्वांत सुंदर वाटणारं उत्तर इथे आहे. एका जिवाणूने स्वतःच्या निकडीपायी जपलेली ओळ दुसऱ्या कुणीतरी इतकी बारकाईने वाचली, की त्या वाचनातून कॉलरा घडला. प्लेगच्या इतिहासातही तिचा एक लहानसा वाटा आहे, आणि तो प्लेग आपल्या या रेल्वेमार्गाने आलेला आहे.

आधी ओळीची घडण पाहू. डीएनएला दोन पदर असतात आणि एका पदरावरच्या ए समोर दुसऱ्या पदरावर टी, जी समोर सी असतो. आता डाव्या अकरांतली शेवटची पाच अक्षरं घ्या: सी ए टी ए ए. त्यांच्या समोरचा पदर उलट दिशेने वाचला तर येतं टी टी ए टी जी. आणि उजव्या अकरांची सुरुवात होते नेमकी टी टी ए टी जी अशी. मधल्या सहा अक्षरांच्या दोन्ही बाजूंना तंतोतंत जुळणारी ही पाच-पाच अक्षरं आहेत. पण त्याहून बाहेर सरकलं की जुळणी संपते. डाव्या टोकाला जी जी टी जी सी जी, जवळपास सगळा जी-सीचा भरणा. उजव्या टोकाला टी टी ए ए ए टी, त्यात जी नाही की सी नाही. मध्याजवळ साम्य आणि कडांना पूर्ण विरोध, हे या ओळीचं रूप.

हे रूप कुणाच्या हौसेचं नाही. डाव्या अकरांवर ‘झर-सी’ नावाचं प्रथिन बसतं, उजव्या अकरांवर ‘झर-डी’. दोघं एकाच कुळातली, म्हणून मध्याजवळची अक्षरं दोघांना सारखी चालतात. दोघं वेगळी, म्हणून कडा वेगळ्या. दोन प्रथिनांमधलं नातं आणि त्यांच्यातला फरक ही दोन्ही या २८ अक्षरांत उतरली आहेत, एकही अक्षर वाया न घालवता.

जिवाणूला ही ओळ लागते कशाला? त्याचं गुणसूत्र वर्तुळाकार असतं. विभाजनाआधी वर्तुळाची प्रत निघते आणि दोन वर्तुळं होतात. प्रत काढताना डीएनए तुटतो, जोडला जातो, आणि अशा जोडणीत कधीकधी दोन्ही वर्तुळं मिळून एकच दुप्पट मोठं वर्तुळ होऊन बसतं. आता पेशी मधोमध दुभंगायची वेळ आली, पण होऊ घातलेल्या दोन्ही लेकी-पेशींच्या वाट्याचा मजकूर एकमेकांत गुंतलेला. कल्याण जंक्शनात कसाऱ्याची आणि कर्जतची वाट जिथे फुटते तिथले सांधे आठवा. रूळ तेच असतात, सांधा फिरला की गाडी वेगळ्या मार्गाला लागते. डिफ हा गुणसूत्रातला असा सांधा आहे. मोठ्या वर्तुळात डिफ दोनदा आलेली असते. पेशीच्या मधल्या पडद्यापाशी बसलेलं एक प्रथिन डीएनए ओढत ओढत या दोन्ही प्रती समोरासमोर आणतं, झर-डीला कामाला लावतं, मग झर-सी उरलेलं काम पुरं करतं. पदर आडवे कापले जातात, अदलाबदल करून जोडले जातात, आणि एका वर्तुळाची पुन्हा दोन होतात. आधी डी, मग सी. हा क्रम ध्यानात ठेवावा. पुढे एक जण तो मोडणार आहे.

डिफ काढून टाकलेले जिवाणू प्रयोगशाळेत जगतात, पण दर पिढीत त्यांच्यातल्या काही पेशी विभाजनात अडकून मरतात. निसर्गातल्या चढाओढीत एवढं नुकसान पुरेसं आहे. म्हणून ही ओळ खोडणं जिवाणूला परवडत नाही. ती बहुतेक तऱ्हेच्या जिवाणूंत सापडते, थोड्याफार पाठभेदाने. कॉलऱ्याच्या जिवाणूत ती आहे. त्याला दोन गुणसूत्रं असल्याने दोन ठिकाणी आहे. प्लेगच्या जिवाणूतही आहे. जी ओळ कुणी खोडणार नाही, तिच्यापाशी ठाण मांडणाऱ्याला हुसकावणंही अवघड. फेजचं सगळं चातुर्य या एका गोष्टीभोवती फिरतं.

त्या चातुर्याकडे जाण्यापूर्वी लॅम्डा या फेजकडे जाऊन यायला हवं, कारण त्याच्याशी तुलना केल्याशिवाय पुढच्याची चव कळत नाही. १९२२ मध्ये अमेरिकेत एका रुग्णाच्या विष्ठेतून ई. कोलायचा के-१२ हा वाण वेगळा केला गेला आणि पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत तो वाढवला गेला. त्याच्या पोटात एक फेज गपचूप बसलेला आहे हे जवळपास तीन दशकं कुणालाच कळलं नाही. एस्थर लेडरबर्ग यांना एका प्रयोगात बशीवरच्या जिवाणूंच्या थरात कुरतडल्यासारखे डाग दिसले आणि १९५१ मध्ये लॅम्डा जगासमोर आला. पॅरिसमध्ये आंद्रे ल्वॉफ यांनी त्याच सुमारास वेगळ्या जिवाणूवर केलेलं काम तर वाचताना अंगावर काटा येतो. त्यांनी द्रवाच्या एका बारीक थेंबात एकच पेशी ठेवली. ती दुभंगली की एक लेक काढून घ्यायची, दुसरी ठेवायची, भोवतीचा द्रव तपासायचा. १९ विभाजनं झाली तरी द्रवात एकही फेज नाही. तरीही वंशातल्या प्रत्येक पेशीत फेज निर्माण करण्याची क्षमता शाबूत. याचा अर्थ फेज बाहेरून येत नव्हता. तो वारशाने उतरत होता. मग अतिनील प्रकाश टाकताच पेशी फुटल्या आणि फेज बाहेर पडले. या सुप्त रूपाला ल्वॉफ यांनी प्रोफेज म्हटलं. त्या काळी डीएनए वाचायची सोय नव्हती; ल्वॉफ यांच्यापाशी होता एक थेंब, एक सूक्ष्मदर्शक आणि विलक्षण धीर.

लॅम्डाचा मजकूर ४८,५०२ अक्षरांचा आहे. त्यात एक ओळ अशी: जी सी टी टी टी टी टी टी ए टी ए सी टी ए ए. पंधरा अक्षरं, त्यांत सलग सहा टी. अगदी हीच पंधरा अक्षरं ई. कोलायच्या गुणसूत्रात गॅलॅक्टोज आणि बायोटिनच्या जनुकांमधल्या जागेत आहेत. दोन्ही ओळी समोरासमोर येतात, पदरांची अदलाबदल होते आणि लॅम्डाचं वर्तुळ उलगडून गुणसूत्रात बसतं. हे काम करणारं विकर लॅम्डा स्वतः घेऊन येतो. गप्प बसवणारं प्रथिन त्याचं स्वतःचं. यजमानाच्या डीएनएला इजा झाली की ते प्रथिन तुटतं, आणि लॅम्डा बाहेर पडायचं वेगळं प्रथिन तयार करून, ज्या पंधरा अक्षरांतून आत आला त्याच पंधरांतून नेमका कापून निघतो. यजमान फुटतो, नवे फेज बाहेर पडतात. येण्याची वाट, राहण्याची शिस्त, जाण्याची वेळ, सगळं ठरलेलं. लॅम्डाची रचना मला एखाद्या बांधेसूद नाटकासारखी परिपूर्ण वाटते, आणि त्या परिपूर्णतेबद्दल आदरही वाटतो. मन मात्र गुंतलं आहे दुसऱ्यात.

तो दुसरा म्हणजे कॉलऱ्याचा फेज, सीटीएक्स.

कॉलऱ्याचा जिवाणू रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यात शोधला. तो माणसाला कशाने मारतो हे कळायला पुढची पाऊणशे वर्षं गेली. १९५९ मध्ये कलकत्त्यातच शंभुनाथ डे यांनी जिवाणू वाढलेला द्रव गाळला, जिवाणू बाजूला काढले, आणि उरलेला गाळीव द्रव सशाच्या बांधलेल्या आतड्यात सोडला. आतड्यात पाणी साठलं. जिवाणू नसताना कॉलरा झाला, म्हणजे विष द्रवात होतं. डे यांचा हा लेख ‘नेचर’मध्ये आला आणि त्यातली साधी, स्वच्छ मांडणी आजही वाचनीय आहे. पण ते विष मुळात कुणाच्या मजकुरातलं, हा प्रश्न तेव्हा कुणाच्या मनात येण्यासारखा नव्हता. जिवाणूने केलेलं ते जिवाणूचंच.

१९९६ मध्ये मॅथ्यू वॉल्डर आणि जॉन मेकलानोस यांचा ‘सायन्स’मध्ये पाचेक पानांचा शोधनिबंध आला. शोधनिबंधाचं रसग्रहण सहसा कुणी करत नाही. या निबंधाचं करावं. पहिली हालचाल: कॉलऱ्याच्या जिवाणूतलं विषाचं जनुक काढून त्या जागी कॅनामायसिन या प्रतिजैविकाला दाद न देणारं जनुक ठेवलं. मग त्या जिवाणूंचा द्रव गाळला आणि तो दुसऱ्या, कॅनामायसिनने मरणाऱ्या जिवाणूंवर टाकला. ते मरेनासे झाले. जिवाणूंची गाठ पडली नव्हती, तरी जनुक एकाकडून दुसऱ्याकडे गेलं होतं. गाळलेल्या द्रवात डीएनए खाणारं विकर घातलं तरी फरक पडला नाही. म्हणजे डीएनए उघडा नव्हता, कशाच्या तरी आवरणात होता. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली लांब बारीक धागे दिसले. फेज! आणि विषाचं जनुक या फेजच्या मजकुराचा भाग होतं. डे यांनी गाळलेल्या द्रवात विष सापडलं होतं. ३७ वर्षांनी गाळलेल्याच द्रवात त्या विषाचा मूळ मालक सापडला.

निबंधातला माझा आवडता भाग पुढे आहे. फेजला जिवाणूच्या पृष्ठभागावर धरायला काहीतरी लागतं. सीटीएक्स ज्या केसाला धरतो, तो केस जिवाणू माणसाच्या आतड्यात चिकटून वसाहत करण्यासाठी वापरतो, आणि त्या केसाची निर्मिती विषाच्या निर्मितीबरोबरच चालू-बंद होते. म्हणून बशीवर हा फेज एका जिवाणूतून दुसऱ्यात जितका जातो त्यापेक्षा उंदराच्या आतड्यात कितीतरी सहज जातो. निरुपद्रवी जिवाणूला विषारी करण्याची सर्वांत सोयीची जागा म्हणजे आजारी पडणाऱ्याचं पोट. वॉल्डर आणि मेकलानोस यांनी हे मोठा आवाज न करता, एक प्रयोग संपला की दुसरा अशा संथ चालीने सांगितलं आहे, आणि त्यामुळे ते जास्त खोल जातं.

आता डिफकडे परत येऊ. सीटीएक्स कॉलऱ्याच्या जिवाणूत कुठे बसतो? डिफवर. आणि लॅम्डासारखं विकर त्याच्याजवळ आहे का? नाही. त्याचा सगळा मजकूर सुमारे ७,००० अक्षरांचा. एवढ्यात अवजारं बाळगायला जागा कुठली? २००२ मध्ये हुबर आणि वॉल्डर यांनी दाखवलं की यजमानाची झर-सी आणि झर-डी नसतील तर सीटीएक्सला गुणसूत्रात शिरता येत नाही. वर्तुळं सोडवायला जिवाणूने बाळगलेला सांधाच त्याने वापरला. पण मग त्याच्याकडे डिफसारखी ओळ हवी, आणि गंमत इथे आहे: त्याच्या दुपदरी डीएनएत ती ओळ सरळ वाचली तर धडपणे सापडत नाही.

याचा उलगडा २००५ मध्ये फ्रान्समधल्या मारी-एव्ह व्हाल, दिदिये माझेल, फ्रांस्वा-झाव्हिए बार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. सीटीएक्स हा धाग्यासारखा फेज आहे आणि त्याच्या आवरणातला डीएनए एकपदरी असतो. एकटा पदर मोकळा असला की स्वतःवरच दुमडतो. त्याची अक्षरं आपल्याच लांबच्या अक्षरांशी जोड्या जुळवतात. सीटीएक्सच्या पदरावर सुमारे दीडशे अक्षरांचा एक भाग असा आहे की त्याच्या दोन टोकांना ओळीचे दोन तुकडे उलटसुलट लिहिलेले आहेत. पदर दुमडला की हे तुकडे एकमेकांसमोर येतात आणि त्यांच्या जोडीतून झर-सी आणि झर-डीला ओळखू येईल अशी एक डिफ तयार होते. पान सपाट असताना मजकूर नाही. पान दुमडलं की आहे.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही. छापील कवितेतही असं कुणी केलं असेल तर मला माहीत नाही.

पुढची पायरी तितकीच नेटकी. यजमानाच्या कामात आधी झर-डी कापतं, मग झर-सी. सीटीएक्सच्या वेळी फक्त झर-सी एका पदराची अदलाबदल करतं. झर-डी जागेवर बसलेलं लागतं, पण त्याने कापायची गरज पडत नाही. अर्धवट राहिलेला हा जोड यजमान आपल्या नेहमीच्या प्रत काढण्याच्या कामात पुरा करून टाकतो. अनुच्छेद अर्धा फेजने लिहिला, अर्धा यजमानाने, आणि दोघांच्या हस्ताक्षरात फरक दिसत नाही.

आणि मग टिकण्याचा प्रश्न. गुणसूत्रात बसल्यावर सीटीएक्सचा मजकूर दुपदरी झालेला असतो. दुमडीतून दिसणारी ओळ आता दिसत नाही. एका कडेला यजमानाची डिफ पूर्ववत, कामाची राहते. दुसऱ्या कडेची मोडलेली असते. त्यामुळे ज्या प्रथिनांनी त्याला आत घेतलं, तीच प्रथिनं त्याला कापून बाहेर काढू शकत नाहीत. त्यांना तो वाचताच येत नाही. लॅम्डाने परतीची वाट राखून ठेवली होती. सीटीएक्सने येतानाच ती पुसली. पण यजमानाची ओळ मात्र त्याने मोडली नाही. तिच्यावाचून जिवाणू अडेल, आणि जिवाणू अडला तर फेजही अडेल. ही मर्यादा पाळणं मला या सगळ्या रचनेतलं सर्वांत शहाणपणाचं पाऊल वाटतं. शिवाय डिफ शाबूत राहिल्याने तिथे दुसरा सीटीएक्स येऊन बसू शकतो, मग तिसरा. कॉलऱ्याच्या अनेक वाणांत असे फेज एकापुढे एक ओळीने बसलेले सापडतात.

बाहेर पडता येत नसेल तर वंश कसा वाढणार? त्याचं उत्तर या रांगेतच आहे. गुणसूत्रातला सीटीएक्स जागचा न हलता आपली प्रत काढायला लागतो आणि शेजारच्या प्रतीची सुरुवात आली की थांबतो. तेवढ्यात एक पूर्ण, एकपदरी मजकूर तयार झालेला असतो. हा मजकूर आवरणात गुंडाळला जाऊन, जिवाणू एरवी विष बाहेर टाकायला वापरतो त्याच दारातून बाहेर जातो. पेशी फुटत नाही. ती वाढत राहते, दुभंगत राहते, प्रत्येक लेकीला फेज देत राहते. आणि फेज तिला विष देतो, जे माणसाच्या आतड्यातून पाण्याचा लोंढा काढतं आणि त्या पाण्याबरोबर जिवाणूला पुढच्या विहिरीपर्यंत, पुढच्या नदीपर्यंत नेतं.

इथे रसिकाला अवघड जागेवर उभं राहावं लागतं. रचना अद्भुत आहे, आणि तिचा परिणाम भयानक. महाराष्ट्रात गावोगाव मरीआईची देवळं आहेत. पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, गावंच्या गावं उठलेली पाहिलेल्या पिढ्यांनी ती बांधली. पंढरीच्या वाटेवरही पटकीने माणसं नेली. त्या मरणाच्या मुळाशी एका दुमडीत लपलेली ओळ होती, हे कळल्याने ती माणसं परत येत नाहीत. तरी ओळीचं सौंदर्य नाकारणं मला खोटेपणाचं वाटतं. ज्याने मारलं ते कसं घडलेलं आहे हे बारकाईने पाहणं, हाही मेलेल्यांविषयीच्या आदराचा भाग आहे असं मी मानते.

या कहाणीत एक मुद्रितशोधकही आहे, आणि तो सापडला बांगलादेशात. काही कॉलऱ्याच्या जिवाणूंमध्ये डिफची ओळ बिघडलेली असते, इतकी की सीटीएक्सला ती चालत नाही. २०१० मध्ये ढाक्यातले शाह फारूक, मेकलानोस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की टीएलसी नावाचा आणखी एक छोटा, परावलंबी फेज आधी त्या बिघडलेल्या ओळीवर येऊन बसतो, आणि त्याच्या बसण्याने ओळ दुरुस्त होते. मग सीटीएक्सला वाट मोकळी. एकाने अक्षरं दुरुस्त केली, दुसऱ्याने त्यात प्राणघातक मजकूर घातला. कुणीही कुणाला बोलावलेलं नाही. प्रत्येक जण आपल्यापुरती जागा शोधत होता.

आता प्लेग. २३ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबईत मांडवीला डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी एका रुग्णाला पाहिलं आणि हा प्लेग आहे असं सांगितलं. पुढच्या काही महिन्यांत साडेआठ लाखांच्या आसपास वस्तीच्या त्या शहरातून काही लाख माणसं बाहेर पडली. वाट कोणती? बोरीबंदर ते ठाणे १६ एप्रिल १८५३ पासून गाडी होती, कल्याणपर्यंत १ मे १८५४ पासून. माणसं त्या वाटेने निघाली आणि रोगही निघाला. १८९७ मध्ये ठाणे जिल्ह्यात प्लेग पसरला होता. १० मार्च १८९७ रोजी पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत बनवलेली लस १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली होती. त्यांची परळची प्रयोगशाळा आज हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते.

हाँगकाँगहून मुंबईत आलेला हा प्लेगचा जिवाणू ओरिएंटॅलिस या प्रकारातला. २००७ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या अ‍ॅन डर्बीझ, एलिझाबेथ कार्नियल आणि सहकाऱ्यांनी प्लेगच्या जिवाणूतल्या एका धाग्यासारख्या फेजचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याचं नाव वायपीएफ, मजकूर सुमारे ८,७०० अक्षरांचा. प्लेगच्या इतर प्रकारांत तो असला तर गुणसूत्राबाहेर सुटा आणि अस्थिर असतो, हरवूनही जातो. ओरिएंटॅलिसमध्ये मात्र तो गुणसूत्रात पक्का बसला आहे, एकापुढे एक प्रतींनी. जागा? डिफ. सीटीएक्ससारखीच वाट, तीच झर-सी आणि झर-डी, तसाच स्वतःचं अवजार न बाळगण्याचा स्वभाव. एक जिवाणू पाण्यातून येणारा, दुसरा पिसवांतून येणारा, एक आतड्यातला, दुसरा रक्तातला आणि गाठींतला. त्यांच्या फेजांनी वाचली ती एकच ओळ.

या फेजमुळे मुंबईचा प्लेग झाला असं मात्र म्हणू नये. तो काढून टाकला तर उंदरांमध्ये जिवाणूची मारकशक्ती थोडी उतरते, पण पिसूच्या पोटात अडथळा निर्माण करून रोग पसरवण्याचं काम त्याच्यावाचूनही चालतं. या प्रकाराच्या कितीतरी आधी प्लेगने माणसं मारलेली आहेत. जे सांगता येतं ते एवढंच, की जगभर पसरलेल्या त्या एका प्रकाराने आपल्या मजकुरात एक उपरा अनुच्छेद कायमचा घेतला होता, आणि १८९६-९७ मध्ये तो मजकूर मुंबईहून ठाण्याच्या दिशेने निघालेल्या माणसांच्या सामानातल्या उंदीर-पिसवांबरोबर प्रवास करत होता. मला हे कळल्यापासून जुन्या स्टेशनांकडे वेगळ्या नजरेने पाहावंसं वाटतं.

शेवटी एक इच्छा. उल्हास खंडाळ्याच्या डोंगरातून निघते, कर्जत, बदलापूर, अंबरनाथ करत कल्याणला येते, तिथे काळू तिला मिळते, आणि ठाण्याजवळ दोन फाटे होऊन ती वसईच्या आणि ठाण्याच्या खाडीकडे जाते. भरतीचं खारं पाणी वर चढतं, गोडं खाली येतं. अशा निमखाऱ्या पाण्यात, कोपेपॉड नावाच्या चिमुकल्या कवचधारी जीवांच्या अंगावर कॉलऱ्याच्या कुळातले जिवाणू राहतात. जगभरच्या खाड्यांत त्यांतले बहुसंख्य विष नसलेलेच असतात. जुन्या लुगड्याच्या घड्यांतून पाणी गाळलं तर कॉलरा कमी होतो हे बांगलादेशातल्या अभ्यासात दिसलं ते याच कोपेपॉडमुळे, कापडात तेच अडकतात. आपल्याकडच्या महाविद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्राचे विद्यार्थी सांडपाण्यातून ई. कोलायचे फेज वेगळे करण्याचं प्रात्यक्षिक करतातच. त्याच्या थोडं पुढे जाता येईल. डिफच्या डाव्या आणि उजव्या बाजूची अक्षरं माहीत आहेत. त्या अक्षरांना चिकटणारे डीएनएचे दोन आखूड तुकडे, म्हणजे प्रायमर, आणि त्यांच्या मधल्या भागाच्या असंख्य प्रती काढणारी पीसीआर ही पद्धत, एवढ्यावर भागतं. ओळ रिकामी असेल तर तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर आखूड पट्टी येईल. कुणी येऊन बसलं असेल तर पट्टी लांब येईल, किंवा येणारच नाही. जाणत्या शिक्षकांच्या देखरेखीखाली, योग्य काळजी घेऊन, घोडबंदरपासून शहाडपर्यंत पाण्याचा खारटपणा उतरत जातो तसे नमुने घ्यावेत, आणि प्रत्येक ठिकाणच्या विष नसलेल्या जिवाणूंच्या डिफवर कोण बसलं आहे, टीएलसी आहे का, अजून नाव न मिळालेला कुणी आहे का, की ओळ अजून कोरी आहे, हे लिहून काढावं. मला तो अहवाल वाचायचा आहे.